चौघांनी उचललेली बाज

हे वाचताना मध्ये मध्ये थांबायचं आहे. जिथे थांबा म्हटलं आहे तिथे डोळे मिटा, दोन-चार मिनिटं जाऊ द्या आणि मगच पुढे या. एका बैठकीत संपलं नाही तरी चालेल. जवळ पवित्र शास्त्र असेल तर मार्ककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडून ठेवा. नसेल तर गोष्ट मी सांगणारच आहे.

आपण मनाने जिथे जाणार आहोत ते गाव फ्रान्समध्ये आहे. बरगंडी प्रांतात, क्लुनीच्या उत्तरेला थोड्या अंतरावर, एका टेकडीवर. गावाचं नाव तेझे. क्लुनीचा मठ ९१० सालचा, एके काळी साऱ्या युरोपात त्याचा दबदबा होता. तेझेकडे मिरवण्यासारखं काहीच नव्हतं. थोडी घरं, एक जुनं दगडी चर्च, भोवती शेतं आणि गुरं. आज तिथे सुमारे तीस देशांतून आलेल्या ब्रदरांचा संघ एकत्र राहतो. त्यांत प्रॉटेस्टंट आहेत, कॅथलिक आहेत. ते देणग्या घेत नाहीत, आपल्या हातच्या कामावर जगतात. कोणाला वारसाहक्काने पैसा मिळाला तर तोही गरिबांकडे जातो. मुक्कामाला येणारी माणसं साधारण रविवारी येतात आणि पुढच्या रविवारी जातात. उन्हाळ्यात ती हजारोंनी असतात, बहुतेक तरुण, आणि त्यांतले कितीतरी तंबूत झोपतात.

जेवण साधं. रांगेत उभं राहायचं, ताटलीत पडेल ते घ्यायचं, गवतावर किंवा बाकावर बसून खायचं. खायला फक्त चमचा, काटे-सुऱ्या नाहीत. चहा कानाच्या कपातून नाही, वाडग्यातून प्यायचा, दोन्ही हातांनी धरून. सकाळी पावाबरोबर लोणी आणि चॉकलेटच्या दोन कांड्या. भांडी घासायची, संडास धुवायचे, झाडलोट करायची, ही कामं आलेल्या माणसांनीच करायची. नाव नोंदवताना काम वाटून मिळतं. सांगायचं कारण असं की तिथली प्रार्थना या सगळ्यातून सुरू होते. खरकट्या ताटल्या धुताना शेजारी पोलंडची मुलगी असते आणि समोर पोर्तुगालचा म्हातारा. कोणाला कोणाची भाषा येत नाही, तरी कामाला हात एकत्र लागतात.

मी तिथे गेले तेव्हा आईला जाऊन फार काळ लोटला नव्हता. ती गेल्यावर माझी प्रार्थना आटली होती. देवावर रागावले होते असंही म्हणता येणार नाही. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि तिथेच वाळून जायचे. रविवारी मंडळीत उभी राहून गायचे, पाळकसाहेबांना सलाम करायचे, घरी यायचे, आणि आतली खोली तशीच रिकामी. म्हणून हे मनन, ज्यांचा विश्वास भक्कम आहे त्यांच्यापेक्षा, ज्यांचा थकला आहे त्यांच्याशी जास्त बोलेल.

इथे थांबा. आज तुमची प्रार्थना कशी आहे ते स्वतःशी खरं खरं सांगा. बरी-वाईट ठरवू नका. कोरडी असेल तर कोरडी म्हणा. महिनोन्महिने केलीच नसेल तर तसं म्हणा. आपण ज्याच्यासमोर बसलो आहोत त्याला हे आधीच ठाऊक आहे.

आता घंटा वाजते आहे. तेझेच्या घंटा उघड्यावर टांगलेल्या आहेत, त्या दिवसातून तीन वेळा वाजतात. सकाळी, दुपारी, रात्री. वाजल्या की हातातलं काम ठेवून सगळे चर्चकडे निघतात. दारापाशी मुलं-मुली ‘शांतता’ असं निरनिराळ्या भाषांत लिहिलेल्या पाट्या धरून उभी असतात. आत गेलं की बाकांच्या रांगा नाहीत. जमिनीवरच बसायचं. आपल्याला त्याचं नवल वाटत नाही, गुडघे आपोआप मुडपतात. समोर नारिंगी कापडं वरपर्यंत ताणलेली, खाली विटांच्या ओबडधोबड चौकटींत मेणबत्त्या. मधल्या भागात पांढऱ्या झग्यातले ब्रदर बसतात आणि बाकीचे त्यांच्या दोन्ही बाजूंना, पाठीमागे, जिथे जागा मिळेल तिथे.

हे चर्च १९६२ साली उघडलं. त्याचं नाव समेटाचं चर्च. ते जर्मन तरुणांनी बांधलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने ज्या देशांचं नुकसान केलं तिथे जाऊन समेटाची खूण म्हणून काहीतरी उभारून द्यायचं, अशा एका संघटनेची ती मुलं होती. त्यांच्या वडिलांच्या पिढीने हा देश तुडवला होता. तुम्ही ज्या भिंतीला टेकून बसला आहात ती त्यांच्या मुलांनी उभी केली, हे ध्यानात घेऊन बसा.

गाणं सुरू होतं. एक ओळ, फार तर दोन. ती पुन्हा, पुन्हा, पुन्हा. पॅरिसचे संगीतकार झाक बेर्तिए यांनी १९७०च्या दशकापासून तेझेसाठी अशा चाली बांधल्या. इतक्या भाषांची माणसं जमू लागल्यावर लांब स्तोत्रं उपयोगाची नव्हती. कोणालाही दोन मिनिटांत पाठ होईल असं काहीतरी हवं होतं, म्हणून कधी लॅटिनमधली लहानशी ओळ, कधी आणखी कुठल्या भाषेतली. नगरला आजीच्या घरी संध्याकाळी नारायण वामन टिळकांची भजनं व्हायची. आजीसमोर ‘उपासना संगीत’ उघडं असायचं, चष्मा मात्र पुस्तकाच्या बाजूला ठेवलेला. तिला ते सगळं पाठच होतं. ध्रुपदावर ती परत परत यायची, आम्ही पोरं पेंगायचो, ती थांबायची नाही. तेझेच्या गाण्यात बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आजी त्या ओळीत विसावत होती. पुढे जायची तिला गरजच नव्हती.

मग एक वचन वाचलं जातं, थोडकंच. आणि मग शांतता. आठ-दहा मिनिटं, हजारभर माणसं आणि कोणी बोलत नाही. काय करायचं ते कोणी सांगत नाही. कुठे तरी लहान मूल कुरकुरतं, कोणी खोकतं. बस्स.

त्या शांततेत मला काहीही झालं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा जागांबद्दल लिहिताना काहीतरी घडल्याचंच लिहिलं जातं. मला आई आठवली, परतीच्या गाडीची वेळ आठवली, पाय आखडला. पण दुपारच्या घंटेला मी परत गेले, रात्रीच्या घंटेलाही गेले. माझ्यापाशी द्यायला शब्द नव्हते, तरी भोवती गाणाऱ्या माणसांमध्ये माझी जागा कोणी काढून घेतली नाही. तिथे मार्कचा दुसरा अध्याय वाचला, आणि लहानपणापासून ऐकलेली गोष्ट वेगळी दिसायला लागली.

ती आता आपण सावकाश बघू.

कफर्णहूम. येशू एका घरात बोलतो आहे आणि दारात पाय ठेवायला जागा नाही. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून घेऊन येतात. गर्दी सरकत नाही. तेव्हाची तिथली घरं आपल्याकडच्या माळवदाच्या घरांसारखी, वर लाकडं, काटक्या आणि मातीचा थर, वर जायला बाहेरून जिना. चौघे वर चढतात. माणसासकट बाज जिन्याने वर नेणं म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. पुढच्या दोघांना वाकावं लागतं, मागच्या दोघांना ती खांद्यापर्यंत उचलावी लागते, नाहीतर माणूस घसरेल. वर पोचल्यावर ते छप्पर उकरतात. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडत असणार. घरधन्याला काय वाटलं असेल? मार्क ते सांगत नाही. मग दोर, आणि बाज खाली.

आता त्या बाजेवरच्या माणसाकडे बघा. मार्क त्याचं नाव सांगत नाही. किती वर्षं पडून आहे ते सांगत नाही. त्याला येशूकडे जायचं होतं की नाही, याबद्दल अक्षर नाही. सबंध गोष्टीत तो एक शब्द बोलत नाही. आणि येशू बघतो तो त्यांचा विश्वास, ज्यांनी छप्पर उकरलं त्यांचा. त्यात बाजेवरच्याचाही धरावा असं काही जण म्हणतात, धरायला हरकत नाही. पण माती चौघांच्या नखांत गेली होती.

मला वाटतं, विश्वास ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे हे आपण इतक्यांदा ऐकलं आहे की तो आटला की आपण एकटेच पडतो, आणि एकटेच लाजतो. मंडळीत येणं थांबवतो, कारण आत काही नसताना गायचं म्हणजे ढोंग वाटतं. ही गोष्ट वेगळं सांगते. ज्याच्या अंगात काडीची हालचाल उरलेली नाही, त्याला दुसऱ्यांच्या विश्वासावर येशूसमोर पोचता येतं. ते ढोंग नाही. तोही पोचण्याचा मार्ग आहे.

थांबा. तुमची बाज कोणी उचलली? चार चेहरे आठवा. चारच असं नाही, तीन असतील, सहा असतील. घाईने पहिली नावं घेऊ नका. तुमच्यासाठी रोज प्रार्थना करणारी एखादी मावशी असेल आणि ती करते हे तुम्हाला फार उशिरा कळलं असेल. दवाखान्यात काहीही न बोलता रात्रभर बसलेला मित्र असेल. त्याचा तुमच्या देवावर विश्वास नसेलही. प्रत्येकाच्या हाताकडे बघा. त्या हातांनी नेमकं काय केलं ते आठवा.

तेझेची सुरुवातही कोणाला तरी उचलण्यातूनच झाली. ऑगस्ट १९४०. रॉजर शुट्झ नावाचा २५ वर्षांचा स्विस तरुण जिनिव्हाहून सायकलवर या भागात आला. फ्रान्स नुकताच पडला होता. जर्मनांनी व्यापलेला भाग आणि उरलेला फ्रान्स यांच्यातली रेषा इथून जवळच होती. त्याने तेझेत एक घर घेतलं आणि पळून येणाऱ्यांना, ज्यूंनाही, आसरा द्यायला लागला. त्याची बहीण जनव्हिएव्ह मदतीला आली. हे त्याला सुचलं कुठून? त्याच्या आईची आई पहिल्या महायुद्धात उत्तर फ्रान्समध्ये, युद्धाच्या अगदी तोंडावर, घर सोडून न जाता राहिली होती आणि निर्वासितांना घरात घेत होती. ती घराण्याने प्रॉटेस्टंट. ख्रिस्ती माणसांनीच एकमेकांना मारलं याचं तिला इतकं लागलं की निदान आपल्यापुरता समेट व्हावा म्हणून ती कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसायला लागली. नातवाने ते आयुष्यभर मनात धरलं. आपल्या जन्माच्या पंथाशी नातं न तोडता दुसऱ्या पंथाचा विश्वास आपल्यात मुरवणं, हा पुढे त्याचा मार्ग झाला. म्हणजे त्याच्याही बाजेच्या एका कोपऱ्याला आजीचा हात होता.

त्या दिवसांतली एक गोष्ट मला सगळ्यांत जवळची आहे. घरात लपलेले लोक ज्यू होते, काही कोणत्याच धर्माचे नव्हते. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून रॉजर आपली प्रार्थना एकटा करायचा, आणि गायचं असेल तर घरापासून लांब झाडीत जाऊन गायचा. ज्यांना प्रार्थना करायची आहे त्यांनी ती आपापल्या खोलीत करावी, असं जनव्हिएव्ह पाहुण्यांना सांगायची. घर त्याचं, जीव धोक्यात घातलेला त्याचा, तरी आसऱ्याला आलेल्या माणसावर आपल्या देवाचं ओझं पडू द्यायचं नाही! मला विचाराल तर तेझेच्या पुढच्या साऱ्या गर्दीपेक्षा त्या झाडीतल्या गाण्यात जास्त विश्वास आहे. बाज उचलताना ओठांवर वचन असलंच पाहिजे असं नाही.

१९४२ च्या शेवटाकडे त्याला तिथून निघून जावं लागलं, कारण आसरा देण्याची बातमी फुटली होती. १९४४ मध्ये परतल्यावर जवळच्या छावण्यांतल्या जर्मन युद्धकैद्यांना तो रविवारी घरी जेवायला बोलवायला लागला. काल ज्यांच्यापासून माणसं लपवली, त्यांच्यातलेच आज पानावर. १९४९ च्या ईस्टरला पहिल्या सात ब्रदरांनी आयुष्यभराची व्रतं घेतली.

थांबा. तुम्हाला ज्याला उचलावंसं वाटत नाही असा एक माणूस आठवा. त्याला क्षमा केली असं म्हणायची गरज नाही. फक्त तो बाजेवर आहे असं बघा. बाजेच्या एका कोपऱ्याला हात लावता येतो का, पाहा. येत नसेल तर तेही देवाला सांगा.

शुक्रवारी रात्री तेझेत आणखी एक गोष्ट होते. क्रुसावरच्या येशूचं चित्र असलेला लाकडी वधस्तंभ जमिनीवर आडवा ठेवतात. ज्याला हवं तो गुडघ्यांवर पुढे सरकत जातो आणि कपाळ त्या लाकडाला टेकवतो. चार-पाच जणांची कपाळं एका वेळी टेकलेली असतात. बाकीचे गात असतात, उशिरापर्यंत. मी त्या रांगेत गुडघ्यांवर सरकत असताना पुढच्या मुलीचे बूट माझ्या हाताला लागत होते. लाकूड कपाळाला गार लागलं. शेजारी कोणीतरी मुसमुसत होतं, कोणत्या देशाचं ते कळलं नाही. मी काही मागितलं नाही. आईचं नाव घेतलं, एवढंच. बऱ्याच महिन्यांनी तो एक शब्द ओठांवरून पुढे गेला.

कोरडेपणाला इथे मदर तेरेसांची आठवण आधार देते. १९७६ मध्ये ब्रदर रॉजर काही सोबत्यांसह कोलकात्याला जाऊन राहिले होते, मदर तेरेसांशी त्यांची मैत्री होती, दोघांनी मिळून लिहिलंही. मदर गेल्यानंतर २००७ साली त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना देवाची जवळीक जाणवतच नव्हती. आत काळोख होता. तरी रोज पहाटे त्या आपल्या भगिनींच्या मध्ये प्रार्थनेला बसत राहिल्या, आणि मग रस्त्यावर जात राहिल्या.

पण गोष्ट इथे संपत नाही. येशू त्या माणसाला आधी पापांची क्षमा देतो, बाजूचे शास्त्री कुरकुरतात, आणि मग तो त्याला उठायला सांगतो. आणि बाज उचलून घरी जायला. म्हणजे ज्या बाजेने त्याला आणलं ती आता त्याने स्वतः न्यायची. दुसऱ्यांच्या विश्वासावर माणूस येशूपर्यंत पोचतो, तिथून घरचा रस्ता मात्र आपल्या पायांनी चालायचा असतो.

मराठीत याचं सगळ्यांत खरं उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. ज्यांची भजनं आजी गायची ते नारायणराव त्यांचे पती. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यापाठोपाठ बायको, असा तो काळ. पण लक्ष्मीबाई गेल्या नाहीत. ताटातूट सोसली, सोवळं-ओवळं सोडायला वेळ घेतला, मनाशी झगडल्या, आणि काही वर्षांनी स्वतःला पटल्यावर बाप्तिस्मा घेतला. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवतं की टिळकांचं प्रेम आणि विश्वास त्यांच्या सोबतीला होता, पण शेवटचं पाऊल त्यांचं त्यांनी टाकलं. म्हणून पुढे टिळक गेल्यावरही त्या डगमगल्या नाहीत. त्यांचा विश्वास उसना नव्हता.

थांबा. तुमच्या विश्वासातला कोणता भाग अजून दुसऱ्यांच्या हातात आहे? आई-बापांकडून आलेला, सवयीचा, मंडळीचा? त्याचा अनादर करू नका, त्यानेच तुम्हाला इथवर आणलं. आणि कोणता भाग तुम्ही स्वतः उचलायला तयार आहात? अगदी लहान चालेल. दिवसातून एक वचन. जेवणाआधी खरं बोललेलं एक वाक्य.

१६ ऑगस्ट २००५. संध्याकाळची प्रार्थना चालू असताना, त्याच चर्चमध्ये, मन बिघडलेल्या एका बाईने ब्रदर रॉजरांवर चाकूने वार केले. ते नव्वद वर्षांचे होते. त्यातच ते गेले. त्यांच्यानंतर संघाची धुरा ब्रदर आलोइस यांच्याकडे आली. अंत्यविधीच्या प्रार्थनेत आलोइस यांनी त्या बाईला देवाच्या क्षमेच्या हाती सोपवलं. तीही बाजेवरची होती, आणि आपल्यासाठी काही मागण्याच्या अवस्थेत नव्हती. ज्यांच्या घरातला माणूस तिने नेला, त्यांनी तिची बाज उचलली. ब्रदर रॉजरांची कबर गावातल्या त्या जुन्या लहान चर्चला लागून आहे, वर साधा लाकडी क्रूस.

माझी प्रार्थना तेझेहून परतल्यावर एकदम वाहायला लागली नाही. काही दिवशी येते, काही दिवशी नाही. फरक एवढाच की न आलेल्या दिवशी मी आता मंडळीतून गायब होत नाही. जाऊन बसते. गाणारे गातात.

तुमच्या मंडळीतून, बसण्या-उठण्यातून, कोणीतरी अलीकडे दिसेनासं झालं असेल. नाव तुम्हाला आत्ताही आठवलं असेल. या रविवारी उपासना सुटल्यावर त्यांच्या घरी जा. का येत नाही ते विचारू नका, वचनं ऐकवू नका. चहा घ्या, बसा, निघताना एवढंच विचारा की तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का. आणि एकट्याने जायला अवघड वाटत असेल तर आणखी तिघांना सोबत घ्या.